नाणं घासू नका, आधी वाफा लिहून ठेवा

पत्र : आम्ही चार वर्षांपासून इंग्लंडात, सेंट ऑल्बन्सजवळ राहतो. कौन्सिलकडून भाजी लावायला अलॉटमेंट मिळाली आहे. मागच्या महिन्यात बटाटे काढताना ढेकळातून एक नाणं निघालं. इथल्या ५ पेन्सएवढं, काळपट-हिरवं, कडा जरा वेडीवाकडी. छाप्यावर उजवीकडे तोंड केलेलं डोकं आहे, पण नाव वाचता येत नाही. काट्यावर दोन माणसं समोरासमोर उभी आणि त्यांच्यामध्ये काठीसारखं काहीतरी. शेजारच्या प्लॉटवरचे आजोबा म्हणाले, रोमन आहे. सासूबाई म्हणतात, रात्रभर चिंचेच्या कोळात ठेव, सकाळी नाव दिसेल. नवरा म्हणतो, ऑनलाइन विकून टाकू. मला ते पुण्याला बाबांना नेऊन दाखवायचंय, ते जुनी नाणी जमवतात, त्यांच्याकडे शिवराया पुष्कळ आहेत. हे नाणं कुणाचं, किती जुनं? सरकारला कळवलं नाही तर गुन्हा होतो का?
— एक वाचक, हर्टफर्डशर

उत्तर :

ताई, सासूबाईंची चिंच आमटीतच जाऊ द्या. तांब्याची भांडी चिंचेने लखलखतात हे खरं, कारण कळकाच्या खाली धातू शाबूत असतो. जवळपास सतराशे वर्षं ओल्या मातीत पडलेल्या नाण्याचं तसं नसतं. त्याच्या धातूचा वरचा थर कधीच क्षारांत बदललेला असतो, आणि राजाचं नाक, अक्षरांचे पाय, भाल्याचं टोक हे जे काही उरलं आहे ते त्या काळपट-हिरव्या थरातच उरलं आहे. आंबट पदार्थ नेमका तोच थर खातो. सकाळी वाटीत नाव दिसणार नाही, खड्डे पडलेली तांबूस चकती दिसेल. लिंबू, व्हिनेगर, पितांबरी, टूथपेस्ट, कोका-कोला, बॅटरीला तारा जोडून केलेले प्रयोग, सगळ्यांना हेच उत्तर. इंटरनेटवर ‘आधी-नंतर’चे जे चकचकीत फोटो फिरतात, त्यांतल्या ‘नंतर’च्या नाण्यावर आधीपेक्षा कमी वाचता येतं, हे जरा निरखून पाहिलं की कळतं.

नाणं घरातल्या हवेत सावकाश वाळू द्या. ऊन नको, हेअर ड्रायर नको. वाळल्यावर जी माती आपण होऊन सुटते तेवढीच मऊ कोरड्या ब्रशने झटका. मेकअपचा जुना ब्रश चालेल. चिकटून बसलेली माती तशीच राहू द्या, ती काढायची की नाही हे पाहणारे पाहतील. नंतर ते पॉलिथिनच्या छोट्या झिप पिशवीत ठेवा, सोबत बुटांच्या खोक्यात येतं तसं सिलिका जेलचं पाकीट. बाजारात नाण्यांसाठी म्हणून मिळणारी मऊ पीव्हीसीची पाकिटं घेऊ नका, त्यांतून सुटणाऱ्या रसायनाने तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो. आणि मधूनमधून एक गोष्ट बघा : नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी येतेय का? गडद, गुळगुळीत हिरवा रंग निरुपद्रवी असतो. फिकट भुकटी म्हणजे धातू अजून आतून खाल्ला जातोय. तसं दिसलं तर पिशवीतला ओलावा कमी करा आणि नाणं लवकर जाणकाराकडे पोचवा.

पण चिंचेपेक्षा मला जास्त खटकलं ते दुसरंच. तुम्ही नाण्याचा आकार लिहिलात, रंग लिहिलात, कडासुद्धा लिहिलीत. ते कुठून निघालं, यावर मात्र ‘बटाटे काढताना’ एवढेच दोन शब्द. नाण्याची ओळख आज नाही पटली तर पाच वर्षांनी पटेल, तुमच्याच्याने नाही तर दुसऱ्या कुणाच्याने. जागेचं तसं नाही. पुढच्या मोसमात त्या वाफ्यात कांदे लागले, त्याच्या पुढच्या वर्षी प्लॉट बदलला, की ‘तिकडे कुठेतरी’ एवढंच उरेल. असल्या नाण्याला बाजारात जेमतेम काही पौंड मिळतात. अभ्यासकाला त्याचा उपयोग आहे तो ते कुठे पडलं होतं यामुळे. म्हणून हे पत्र बाजूला ठेवा, वही घ्या आणि आठवतंय तोवर लिहा. नाण्याची नोंद करायची आहे, कुठे ते पुढे सांगतो, तिला हेच लागेल.

प्लॉटचा नंबर. कुठला वाफा, वाटेपासून किती पावलं, शेडपासून किती पावलं. खोली किती : कुदळीच्या पात्याएवढी, की नुसती वरवरची? तारीख. मग फोनवर ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे ब्रिटनच्या नकाशे काढणाऱ्या संस्थेचा, ग्रिड रेफरन्स काढा. सुरुवातीला दोन अक्षरं आणि पुढे आकडे असा तो असतो. सहा आकड्यांचा संदर्भ १०० मीटरचा चौकोन दाखवतो, आठ आकड्यांचा १० मीटरचा. इथला पूर्ण अलॉटमेंट प्लॉट साधारण २५० चौरस मीटरचा, तेव्हा तुम्हाला आठ तरी हवेत. सहा आकड्यांत अख्खी कॉलनी येईल. नुसता पिनकोड देऊन भागत नाही.

शेजारच्या आजोबांना एक प्रश्न आवर्जून विचारा : ही माती इथलीच आहे, की कधी ट्रकने आणून टाकलेली? अलॉटमेंटवर बाहेरची माती, खत, घोड्याच्या तबेल्यातलं शेण पुष्कळ येतं आणि त्याबरोबर नाणंही येऊ शकतं. बाहेरची माती असेल तर तसं लिहा. त्यानेही नोंद वाया जात नाही, फक्त तिचा अर्थ बदलतो. शिवाय त्या वाफ्यात आणखी काय निघतं ते आठवा. जाड लाल कौलांचे तुकडे, तकतकीत लाल खापरं, करड्या मडक्यांच्या कडा, कालवांच्या शिंपल्या. आजवर बादलीत टाकून दिलं असेल तर यापुढे एका पिशवीत ठेवा आणि त्या पिशवीवरही वाफा लिहा. मुद्दाम खणत मात्र बसू नका. भाजीसाठी जेवढं खणायचं तेवढंच.

आता नाण्याकडे वळू.

रोम म्हटलं की आपल्याकडे सोनं-चांदी डोळ्यांसमोर येते, आणि भारतापुरतं ते बरोबरही आहे. मिरी, मोती, कापडाच्या बदल्यात भारतात आलं ते बहुतेक ऑगस्टस आणि टायबेरियस या सम्राटांच्या काळचं चांदी-सोनं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत निघालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्तीही त्याच समुद्री व्यापाराची खूण. ब्रिटनची गोष्ट वेगळी. इथे रोम व्यापाराला आला नाही, राज्य करायला आला, इ.स. ४३ पासून ते पाचव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. त्यामुळे इथल्या मातीत पडलीय ती बाजारात रोज हातातून जाणारी चिल्लर. त्यात तुमचं सेंट ऑल्बन्स म्हणजे तेव्हाचं व्हेरुलामियम, रोमन ब्रिटनमधल्या मोठ्या शहरांपैकी एक. लंडनहून वायव्येला जाणारा वॉटलिंग स्ट्रीट त्यातून जायचा. आजोबांनी ‘रोमन’ म्हटलं ते अंदाजपंचे नव्हतं.

तरीही एक शंका आधी दूर करू, कारण इंग्लंडात तिनेच सर्वांत जास्त लोक फसतात. अठराव्या शतकातल्या जॉर्ज राजांची तांब्याची हाफपेनी झिजली की हुबेहूब रोमन दिसते : छाप्यावर पानांचा मुकुट घातलेलं डोकं, काट्यावर बसलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली देवी. साहजिकच आहे, ती कल्पनाच रोमन नाण्यांवरून उचललेली. पण हाफपेनी २८-२९ मिलिमीटरची, पातळ आणि सपाट असते, आणि तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना बरोबर उलट्या असतात. तुमचं नाणं ५ पेन्सएवढं, म्हणजे १८ मिलिमीटरच्या आसपास, त्यावर ब्रिटानिया नाही आणि माणसं दोन. जॉर्ज बाद.

आकार आणि त्या दोन माणसांवरून माझा अंदाज असा : हे चौथ्या शतकातलं, रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या घराण्याचं छोटं ब्राँझचं नाणं. अभ्यासक त्याला नुम्मुस म्हणतात. काट्यावरचा लेख ‘ग्लोरिया एक्सेर्किटुस’, सैन्याचा गौरव. दोन सैनिक, बाहेरच्या हातात भाला, आतल्या हाताखाली जमिनीवर टेकवलेली ढाल, आणि मधोमध सैन्याचा ध्वज. तुमची काठी म्हणजे तो ध्वज.

इथेच थांबा आणि भिंग घ्या. काठी एक आहे की दोन? हा प्रकार साधारण ३३० पासून पाडला गेला तेव्हा सैनिकांच्या मध्ये दोन ध्वज असायचे. ३३५ च्या सुमारास नाण्याचं वजन कमी केलं, चकती लहान झाली, आणि दोन ध्वज मावेनात म्हणून एकच ठेवला. तो ३४१ पर्यंत चालला. सुरुवातीची नाणी अडीच ग्रॅमच्या आसपास, नंतरची दीडच्या. म्हणजे एकही अक्षर वाचता आलं नाही तरी एका काठीच्या फरकावर तुम्हाला पाच-सहा वर्षांइतकी अचूक तारीख मिळते. सातवाहनांच्या नाण्यावर एवढं नेमकं बोलायला मिळालं तर आपले अभ्यासक पेढे वाटतील!

पण ती माणसं सैनिकच आहेत ना? झिजलेल्या नाण्यावर दोन उभ्या आकृती म्हणजे विजयदेवताही असू शकतात. ३४७-४८ च्या एका प्रकारावर दोन विजयदेवता समोरासमोर हार धरून उभ्या असतात, आणि आकारही जवळपास हाच. ओळखायचं कसं? आकृतींच्या बाहेरच्या अंगाला बघा. सैनिकाच्या बाहेर सरळ उभी रेघ असते, भाल्याची. देवतेच्या बाहेर पंखाचा फुगवटा असतो. मध्येही फरक आहे : ध्वजाची काठी खाली जमिनीपर्यंत जाते, हार वरच्या वर, छातीच्या उंचीवर अधांतरी असतात. ३१८ ते ३२० च्या सुमाराचा आणखी एक प्रकार आहे, त्यात दोन विजयदेवतांच्या मध्ये वेदी आणि तिच्यावर ढाल असते. तिथे मधला भाग काठीसारखा न दिसता ठोकळ्यासारखा दिसतो.

छाप्यावरचं डोकं कुणाचं? इथे जरा गंमत आहे. कॉन्स्टन्टाइनने मुलांची नावं ठेवली कॉन्स्टन्टिनुस, कॉन्स्टन्टिउस आणि कॉन्स्टन्स. पुढे कुणी अर्धवट झिजलेल्या लेखावरून यांना वेगळं करायला बसेल याची त्याला काय पर्वा. सुरुवातीची पाच-सहा अक्षरं सापडून काहीच उपयोग नाही, शेवट सापडला तर काम होतं. लेखाचा शेवट ‘एव्हीजी’ या अक्षरांनी होत असेल तर ती ऑगस्टस ही पदवी, म्हणजे स्वतः सम्राट. ‘नोब’ आणि ‘सी’ अशी अक्षरं दिसली तर सीझर, म्हणजे गादीचा वारस. अक्षरं नसतील तर डोक्यावर काय आहे ते पाहा. मण्यांची किंवा फुलांची पट्टी आणि मानेमागे तिची दोन टोकं लोंबत असतील तर बहुधा सम्राट. पानांचा मुकुट असेल तर बहुधा मुलांपैकी एक, आणि मग नाणं बापाच्या मृत्यूच्या, म्हणजे ३३७ च्या आधीचं. टोकदार किरणांचा मुकुट दिसला तर मात्र माझा सगळा अंदाज मोडीत काढा. तसा मुकुट तुमच्या आकाराच्या ब्रिटिश नाण्यांवर बहुतेक २६० ते २९६ मध्ये सापडतो. दाढी दिसली तरी तेच. कॉन्स्टन्टाइन आणि त्याचे मुलगे गुळगुळीत दाढी केलेले, तर तिसऱ्या शतकातले टेट्रिकस, व्हिक्टोरिनस वगैरे गॉलचे, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूचे, बंडखोर राजे चांगले दाढीवाले.

सैनिकांच्या पायाखाली एक आडवी रेघ असेल, आणि तिच्याखाली इवल्याशा कप्प्यात तीन-चार अक्षरं. ती टांकसाळीची खूण. ‘टीआरपी’ किंवा ‘टीआरएस’ निघालं तर ट्रिअर, आजच्या जर्मनीतलं. ब्रिटनमध्ये या वर्षांची नाणी सर्वांत जास्त तिथूनच आली. ‘पीएलजी’ म्हणजे लिऑन. ‘कॉन्स्ट’ दिसलं तर लगेच कॉन्स्टॅन्टिनोपल समजू नका, ते फ्रान्समधलं आर्ल असण्याची शक्यता जास्त. त्या गावाचं नाव तेव्हा बदलून कॉन्स्टन्टिना केलं होतं. लंडनची खूण शोधत बसू नका. लंडनची टांकसाळ ३२५ मध्येच बंद झाली होती. वीस मैलांवर लंडन, आणि तुमच्या बटाट्याच्या वाफ्यातली चिल्लर बहुधा जर्मनीहून आलेली!

हे सगळं दिसायचं कसं? फ्लॅशने नाही. खोलीत अंधार करा, एक टॉर्च टेबलाच्या जवळजवळ पातळीत धरा आणि नाणं जागीच ठेवून टॉर्च भोवती फिरवा. प्रकाश आडवा पडला की नुसत्या डोळ्यांना न दिसणारी उंचवट्यांची सावली उठते. एका दिशेने सैनिकाचा पाय दिसेल, दुसऱ्या दिशेने तोच नाहीसा होऊन भाला दिसेल. प्रत्येक दिशेचा एक फोटो घ्या, दोन्ही बाजूंचे. फोन फार जवळ नेऊ नका, थोडा वर धरून झूम करा. शेजारी मिलिमीटरची पट्टी हवीच. वजनासाठी सोनाराचा किंवा स्वयंपाकघरातला दशांश ग्रॅम दाखवणारा काटा. आणि छाप्यावरचं डोकं सरळ धरून नाणं दाराच्या फळीसारखं उभ्या अक्षावर उलटा; काट्यावरच्या सैनिकांची डोकी घड्याळाच्या कुठल्या आकड्याकडे आहेत ते टिपा, ६ की १२ की मधलं काही. नोंदीत हा आकडा लागतो, आणि कुणी सांगितल्याशिवाय तो कुणी लिहीत नाही.

एक फरक मात्र स्वतःच शिकून घ्या : झीज वेगळी आणि गंज वेगळा. हातोहात फिरून झिजलेल्या नाण्याचे उंच भाग आधी जातात, गाल, केस, सैनिकांची डोकी. कडेजवळची अक्षरं बरीच टिकतात. मातीने खाल्लेलं नाणं सगळीकडून सारखं, खड्ड्याखड्ड्यांनी खराब होतं. खतांचा मारा झालेल्या जमिनीत जास्तच. तिसरी शक्यता, ठसा मुळातच नीट बसला नसेल. तुमच्या बाबांना हे सांगायला नको. शिवराईवर ‘श्री राजा शिव’ पूर्ण वाचायला मिळणं किती दुर्मीळ ते त्यांना ठाऊक असेल, चकती लहान आणि ठसा मोठा. नोंदीत ‘झिजलेलं’ एवढंच लिहिलं तर वाचणारा समजतो की नाणं फार वर्षं वापरात होतं, आणि त्यावरून ते कधी हरवलं याचे हिशेब करतो. पहिल्या-दुसऱ्या शतकातली मोठी ब्राँझची नाणी खरोखरच शंभर-शंभर वर्षं फिरली, त्यांच्या बाबतीत तो हिशेब लागू पडतो. चौथ्या शतकातली ही छोटी नाणी सहसा एवढी फिरत नसत. तुमच्या नाण्याचं नाव गेलं ते मातीमुळे, असं मला वाटतं. पण बघून ठरवा.

शिवराईवरून आणखी एक. नाणं १४ मिलिमीटरपेक्षा लहान भरलं, सैनिक काड्यापेटीतल्या काड्यांसारखे दिसले आणि अक्षरं अक्षरं न वाटता नुसत्या रेघोट्या वाटल्या, तर ती त्याच काळातली नक्कल असू शकते. ३४० च्या दशकात टांकसाळींतून पुरेशी चिल्लर येईना तेव्हा लोकांनी स्थानिक पातळीवर ती पाडली, आणि ती बाजारात चाललीही. महाराजांनंतर किती जणांनी किती वर्षं शिवराई पाडली हे बाबा तुम्हाला तासभर सांगतील. नक्कल निघाली म्हणून हिरमुसू नका आणि फेकू तर मुळीच नका. त्या वर्षांत इथे पैशाची चणचण होती याचा तो पुरावा आहे.

आता कायदा. तुम्ही गुन्हा केलेला नाही. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला लागू असलेल्या १९९६ च्या ट्रेझर ॲक्टमध्ये ब्राँझचं एकटंदुकटं नाणं ‘खजिना’ ठरत नाही. ३०० वर्षांहून जुनी, किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली दोन नाणी एकत्र सापडली, किंवा तांब्या-ब्राँझची दहा सापडली, तर मात्र १४ दिवसांच्या आत कॉरोनर या स्थानिक चौकशी अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा दंड. २०२३ मध्ये व्याख्या वाढवून अपवादात्मक महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही त्यात घेतल्या, पण तुमचं नाणं त्यात बसत नाही. तुमची एखादी मैत्रीण एडिनबराला असेल आणि तिला असं काही सापडलं तर तिला हे उत्तर वाचून दाखवू नका. स्कॉटलंडमध्ये एक नाणंही कळवावं लागतं.

तेव्हा त्याच वाफ्यात आणखी नाणी दिसायला लागली, विशेषतः एकमेकांना चिकटलेली, तर कुदळ खाली ठेवा. २०१० मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प या हौशी शोधकाला मडक्याचं तोंड आणि काही नाणी लागली. त्याने पुढे न खणता पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. मडक्यात निघाली ५२,५०३ नाणी, आणि थराथराने काढल्यामुळे मडकं आधी पुरून मग भरलं असावं इथपर्यंत अंदाज बांधता आला. उत्साहाच्या भरात त्याने ती बादलीत ओतली असती तर नाणी तेवढीच मिळाली असती, पण ही माहिती नसती मिळाली.

गुन्हा नसला तरी मालकीचा प्रश्न आहे, आणि तुमच्या घरात तो कुणाच्या डोक्यात आलेला दिसत नाही. खजिना नसलेली वस्तू साधारणपणे जमीनमालकाची. अलॉटमेंट तुम्ही भाड्याने घेतलीय, जमीन कौन्सिलची. भाडेकरारात सापडलेल्या वस्तूंबद्दल काही कलम आहे का ते बघा, आणि असो-नसो, कौन्सिलच्या अलॉटमेंट विभागाला दोन ओळींचा मेल टाका : अमुक प्लॉटवर एक झिजलेलं रोमन ब्राँझचं नाणं सापडलं, त्याची नोंद करून घेतेय, नाणं मी ठेवलं तर चालेल का. एका नाण्यासाठी सहसा कुणी नाही म्हणत नाही, पण विचारलेलं लेखी असलेलं बरं. यजमानांना सांगा, ते उत्तर येईपर्यंत विकायचा विषय बंद. आल्यावरही मी म्हणेन विकू नका. जे काही पौंड येतील त्यातून पोस्टेज वजा जाता एकवेळच्या वडापावची सोय होईल, तीही इथल्या दराने नाही.

नोंद करायची ती पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये. १९९७ मध्ये काही भागांत सुरू झालेली ही योजना २००३ पासून सगळ्या इंग्लंड-वेल्समध्ये आहे. इंग्लंडात ती ब्रिटिश म्युझियम चालवतं. प्रत्येक भागाला एक फाइंड्स लिएझन ऑफिसर असतो, तुमच्या काउंटीचा कोण ते योजनेच्या संकेतस्थळावर मिळेल. फी नाही. फोटो आणि जागेचा तपशील आधी मेलने पाठवा, मग ते बोलावतील तेव्हा नाणं दाखवायला न्या. ठेवून घेतलं तर पावती मिळते, नाणं परत मिळतं. महिने लागू शकतात, अधिकारी एक आणि शेतं फार. तुमचं नाव आणि नेमकी जागा लोकांसमोर येत नाही. फेसबुकवर मात्र तुम्ही स्वतःच अलॉटमेंटच्या नावासकट फोटो टाकलात, तर रात्री डिटेक्टर घेऊन चोरून खणणारे फिरकतात. त्यांना इथे नाइटहॉक म्हणतात, आणि ते तुमचे बटाटेही ठेवणार नाहीत.

नोंद किती साधी असते ते दाखवण्यासाठी एक नमुना देतो. आकडे माझ्या मनचे, तुमचे तुम्ही घाला :

‘रोमन, ताम्रमिश्र धातू, नुम्मुस. कॉन्स्टन्टाइन घराणे, राजा अनिश्चित. छापा : मुकुटधारी डोके उजवीकडे, लेख वाचता येत नाही. काटा : दोन सैनिक, मध्ये एक ध्वज. टांकसाळ अनिश्चित. इ.स. ३३५ ते ३४१. व्यास १६.२ मिमी, वजन १.४ ग्रॅम, ठशांची दिशा ६. झीज मध्यम, गंज जास्त. बटाट्याच्या वाफ्यात हाताने खणताना, सुमारे २० सेंमी खोल. माती मूळचीच असल्याचे जुने भाडेकरू सांगतात.’

यात ‘अनिश्चित’ दोनदा आलंय, आणि तरी ही उत्तम नोंद आहे. ओढूनताणून नाव चिकटवण्यापेक्षा ‘अनिश्चित’ शंभर पटीने बरं. रिचर्ड रीस या नाणेतज्ज्ञांनी रोमन ब्रिटनची नाणी २१ कालखंडांत बसवली आणि १४० ठिकाणच्या नाण्यांची तुलना करून कुठल्या प्रकारच्या वस्तीत कुठल्या काळची नाणी जास्त पडतात ते मांडलं. तुमचा ध्वज नक्की झाला की नाणं ३३० ते ३४८ च्या सतराव्या खंडात जातं. राजाचं नाव तिथे लागतच नाही. ध्वजही नाही कळला तर ‘चौथं शतक’ असं लिहून ते एका मोठ्या खणात जाईल. जमिनीवर भिंतीचा दगडही उरलेला नसतो अशा कित्येक रोमन वाड्या आणि रस्त्याकडेच्या वस्त्या असल्या सुट्या, विद्रूप नाण्यांच्या नोंदी एकत्र आल्यावरच नकाशावर आल्या आहेत.

राहता राहिलं पुणे. ब्रिटनच्या जमिनीतून निघालेली पुरातन वस्तू देशाबाहेर नेताना किंमत कितीही किरकोळ असली तरी निर्यात परवाना लागू शकतो. हे परवाने आर्ट्स कौन्सिल इंग्लंडकडून मिळतात. तुमच्या नाण्याला लागतो का, ते लिएझन ऑफिसरलाच विचारा. दुसरी अडचण भारताच्या बाजूची. आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं हे पुरावशेषच, आणि ते भारताबाहेर न्यायला सरकारी परवानगीशिवाय मनाई आहे. म्हणजे बाबांना दाखवून परत आणताना मुंबई विमानतळावर ‘हे आमच्या बटाट्यात सापडलं’ हे कस्टमच्या माणसाला समजावत बसाल. त्यापेक्षा बाबांना टॉर्चच्या उजेडातले ते सगळे फोटो पाठवा, पट्टी आणि वजनासकट. शिवराया वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्याला सवय असते, ध्वज एक की दोन ते त्यांना कदाचित तुमच्याआधी दिसेल. त्यांचं मत लिएझन ऑफिसरच्या मेलमध्ये खुशाल घाला, पण ‘वडिलांचं मत’ असं वेगळं लिहून. आणि तो मेल कौन्सिलच्या उत्तरासाठी अडवून ठेवू नका. दोन्ही मेल एकाच दिवशी जाऊ द्या.